दुहेरी टेनिसपटूची कारकीर्द

व्यावसायिक टेनिसमध्ये दोन विरुद्ध दोन अशा सामन्यांवरच ज्या खेळाडूचा चरितार्थ चालतो, त्याच्या वाटचालीला दुहेरी टेनिसपटूची कारकीर्द म्हणतात. सामना जोडीचा असला तरी क्रमवारी एकेकट्याची असते, आणि या पेशातील बहुतेक पेच त्यातूनच निर्माण होतात. विजेतेपदाचे गुण दोघांच्या खात्यांत सारखेच जमा होतात. जोडी मोडली की प्रत्येक जण आपले गुण घेऊन नवा जोडीदार शोधायला मोकळा असतो. त्यामुळे खेळाडूचा हात किती तयार आहे याइतकेच, तो कोणाबरोबर खेळतो आणि ती सोबत किती काळ टिकते, यावर त्याचे भवितव्य ठरते.

एकेरी आणि दुहेरी हे एकाच कोर्टावरचे दोन वेगळे खेळ आहेत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कोर्टाची लांबी दोन्हींत २३.७७ मीटर असते. रुंदी मात्र एकेरीत ८.२३ मीटर, तर दुहेरीत दोन्ही कडांच्या १.३७ मीटरच्या पट्ट्या धरून १०.९७ मीटर होते. म्हणजे रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि खेळाडू मात्र दुप्पट होतात. साहजिकच धावणे कमी होते आणि जाळ्याजवळची चपळाई, सर्व्हिसची दिशा, रिटर्न पायांजवळ खाली ठेवण्याची हातोटी व डोक्यावरून टाकलेला लॉब यांचे मोल वाढते. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार कधी कधी जाळ्यालगत मधल्या रेषेवर गुडघे मोडून, डोके जाळ्याच्या पट्टीखाली राहील असा बसतो आणि पाठीमागे नेलेल्या हाताच्या बोटांनी आपण कोणत्या बाजूला झेपावणार ते सांगतो. सर्व्हिस पडताच तो त्या बाजूला झेप घेतो आणि सर्व्हिस करणारा दुसरी बाजू सांभाळतो. हा अंदाज चुकला तर मोकळे कोर्ट समोरच्याला आयते मिळते आणि दोष कोणाचा हे प्रेक्षकांना कळतही नाही.

नियमांनीही या खेळाला घाईचे वळण दिले आहे. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या स्पर्धांत २००६ पासून ४०-४० झाल्यावर ॲडव्हांटेज (दोन गुणांच्या आघाडीची अट) नसतो. पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि ती सर्व्हिस कोणी परतवायची हे समोरची जोडी ठरवते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट घेतला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक (निर्णायक छोटा गेम) होतो. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन व यूएस ओपन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, पुरुष व महिला दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळला जातो. विम्बल्डनने पुरुष दुहेरीचे पाच सेट २०२३ मध्ये तीनवर आणले.

इंदूरच्या मराठी वाचकाला दुहेरी परकी नाही. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकल्यामुळे इथे खेळाची गोष्ट क्रिकेटपासून सुरू होते हे खरे. पण क्लबांच्या कोर्टांवर संध्याकाळी चार सभासद जमले की दुहेरीच रंगते. व्यावसायिक दुहेरीचे दर्शन शहराला २०१४ मध्ये घडले. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तीन दिवसांत इंदूर टेनिस क्लबच्या हार्डकोर्टवर भारत व चिनी तैपेई (तैवान) यांच्यात डेव्हिस करंडक या देशादेशांतील सांघिक स्पर्धेची लढत झाली आणि ती भारताने ५-० अशी जिंकली. दुहेरीत रोहन बोपण्णाबरोबर साकेत मायनेनी उतरला होता आणि डेव्हिस करंडकातील तो साकेतचा पहिलाच सामना होता. त्या काळच्या रचनेत शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी फक्त दुहेरी आणि रविवारी उरलेल्या दोन एकेरी होत असत. शनिवारचा सामना लढतीचा नूर पालटू शके, म्हणूनच ज्या देशांकडे एकेरीचे बळ बेताचे होते त्यांनी दुहेरी जिवापाड जपली. भारत त्यांतलाच. १९६६ च्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाकडून ४-१ अशी हार पत्करताना भारताने मिळवलेला एकमेव गुण रामनाथन कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकम व टोनी रोश यांना हरवून मिळवलेला होता.

दुहेरीची क्रमवारी एटीपीने १ मार्च १९७६ रोजी सुरू केली. ५२ आठवड्यांतील कामगिरीवर ती ठरते आणि स्पर्धेतील प्रवेशासाठी दोन्ही जोडीदारांच्या क्रमांकांची बेरीज पाहतात. साठावा आणि ऐंशीवा खेळाडू एकत्र आले तर बेरीज १४० होते; शेवटची जागा १३० वर भरली असेल तर दोघेही बाहेर. बऱ्याच स्पर्धांत एकेरीचा क्रमांकही ग्राह्य धरला जातो, त्यामुळे एकेरीतला नावाजलेला खेळाडू ऐन वेळी हौसेने दुहेरीत नाव घालतो आणि केवळ दुहेरीवर पोट असलेल्या जोडीची जागा जाते. नियमाप्रमाणे यात काही गैर नसले तरी दुहेरीवाल्यांची ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांच्या खालच्या पायरीवर, जिथे एकूण बक्षीस १५,००० डॉलर असते, तिथे एकेरी व दुहेरीचे सगळे खेळाडू त्याच रकमेत वाटेकरी असतात, मोठा हिस्सा एकेरीकडे जातो आणि दुहेरीचा उरलेला हिस्सा पुन्हा दोघांत विभागला जातो. प्रवास, हॉटेल आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. या पायरीवरून चॅलेंजर ही दुसऱ्या फळीची मालिका, मग एटीपीच्या २५०, ५०० व १००० गुणांच्या स्पर्धा आणि शेवटी ६४ जोड्यांचा ग्रँड स्लॅमचा ड्रॉ, असा वर चढण्याचा क्रम आहे.

जोड्यांचे आयुष्य सारखे नसते. बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी एकत्र १६ ग्रँड स्लॅमसह ११९ विजेतेपदे मिळवली. जोडीदार शोधण्याची चिंता त्यांना जन्मापासूनच नव्हती. इतरांना ती असते. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीची अंतिम फेरी महेश भूपतीने पुण्याच्या नितीन कीर्तनेबरोबर गाठली होती. १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसने गौरव नाटेकरच्या साथीने सुवर्णपदक मिळवले होते. पुढे पेस व भूपती एकत्र आले, १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्यांत पोहोचले आणि फ्रेंच व विम्बल्डन जिंकले. ही जोडी फुटली, पुन्हा जुळली, पुन्हा फुटली. २०१२ च्या ऑलिंपिकपूर्वी भूपती व बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळण्यास नकार दिला आणि अखेर भारताला दोन वेगळ्या जोड्या पाठवाव्या लागल्या. ज्या खेळात जोडीदाराच्या पाठीमागच्या बोटांवर विश्वास टाकून उभे राहायचे असते, तिथे मनातली अढी फार काळ झाकून राहत नाही.

बहुतेकांसाठी दुहेरी ही दुसरी खेळी असते. सानिया मिर्झाने वारंवारच्या दुखापतींनंतर २०१३ मध्ये एकेरी सोडली. १३ एप्रिल २०१५ रोजी ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ सामने जिंकली. शरीरावरचा ताण कमी असल्याने ही खेळी लांबतेही. इंदूरच्या त्या लढतीनंतर दहा वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ४३ वर्षांच्या बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि २९ जानेवारीला तो क्रमवारीत पहिला आला. इतक्या वयात पहिल्यांदा त्या जागी पोहोचलेला तो एकमेव खेळाडू आहे. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यावर त्याने अय्यंगार पद्धतीची योगासने धरली आणि त्यांचे श्रेय तो उघडपणे देतो.

मराठी खेळाडूंपैकी पुण्याचा अर्जुन कढे आज हाच मार्ग चालतो आहे. २०२४ मध्ये त्याने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी २५० स्पर्धा जिंकली. ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. अंतिम फेरीत समोर पुन्हा चिनी तैपेईच होती, आणि पहिला सेट २-६ असा गेल्यावर या जोडीने दुसरा ६-३ व दहा गुणांचा टायब्रेक १०-४ असा घेतला.