लिप्त्से नेमकं कुठलं?

पोलंडच्या नकाशावर लिप्त्से रेमोंटोव्स्के हे छोटं गाव सापडतं. तिथे जाऊन ‘शेतकरी’ या पोलिश कादंबरीतल्या बोरिनाचं घर मात्र शोधू नका, ते सापडणार नाही. कारण लिप्त्से दोन आहेत, एक मातीचं आणि एक कागदावरचं.

मातीचं लिप्त्से वॉर्सा-व्हिएन्ना रेल्वेमार्गालगत आहे. या कादंबरीचा लेखक व्वादिस्वाफ रेमोंट तरुणपणी याच मार्गावर रेल्वेत साध्या नोकरीला होता. जवळच्याच क्रोस्नोवा गावात तो राहायचा. माणसं, सणवार, पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी घागरे हे सगळं त्याने इथेच पाहिलं.

कागदावरचं लिप्त्से म्हणजे त्याच्या ‘शेतकरी’मधलं गाव. तिचा बराचसा भाग त्याने दूर फ्रान्समध्ये बसून लिहिला. १९०४ ते १९०९ या काळात शरद, हिवाळा, वसंत आणि उन्हाळा असे चार खंड आले, आणि १९२४ साली त्याला नोबेल मिळालं. कथा जमिनीची आहे. बत्तीस मोर्गांचा धनी, विधुर बोरिना तरण्या याग्नाशी लग्न करतो आणि सहा मोर्ग तिच्या नावावर करून देतो. मोर्ग म्हणजे सुमारे सव्वा ते दीड एकर. तेवढ्यावरून घर फुटतं. (वाटणीवरून भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) त्यातून बोरिनाच्या मुलाचाही याग्नावर जीव. शेवटी गावकरी तिला शेणखताच्या गाडीत घालून शिवेबाहेर काढतात.

दोन्ही गावांत फरक करायचा, तर भाषेकडे बघावं. कादंबरीतली बोली अस्सल गावची वाटते, पण ती रेमोंटने ठिकठिकाणचे शब्द वेचून घडवलेली आहे. लिप्त्सेत कुणीही अगदी तसं बोलत नव्हतं. त्यामुळे कादंबरीला त्या गावाची कागदपत्रं समजणं चूक, असं माझं मत. १९७०च्या दशकात कादंबरीवर मालिका निघाली, तिचं चित्रीकरण तर पिलाश्कूफ या तिसऱ्याच गावी झालं!

पण घोटाळा वाढवला तो खुद्द गावानेच. १९८३ साली त्याने लेखकाचं नाव आपल्या नावापुढे लावून घेतलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून गावातली हौशी मंडळी ‘बोरिनाचं लग्न’ रंगवत आली आहेत. त्यातली नवरी पुस्तकातली, पण तिच्या अंगावरचा घागरा याच मुलखातला.