पार्श्वभूमी : राम मोहन यांची कारकीर्द आणि अ‍ॅनिमेशनच्या मालकीचा प्रश्न

राम मोहन यांचे चरित्र हाती घेणारा वाचक ते एका चित्रकाराचे चरित्र म्हणून वाचू लागतो, आणि ‘भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक’ ही उपाधी २०१४ च्या पद्मश्रीनंतर इतकी रूढ झाली आहे की त्यात वावगे काही वाटत नाही. परंतु १९३१ मध्ये जन्मलेल्या आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी मुंबई गाठलेल्या या माणसाची वाटचाल क्रमाने लावून पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक वळणावर कलेच्या आधी व्यवहार उभा असलेला दिसतो. चित्रे काढायची ती कोणाच्या खर्चाने, आणि काढून झाल्यावर ती कोणाची? दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून केलेला लघुपट आणि प्रभात कंपनीचा ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. ते प्रयत्न एकाकी राहिले, कारण या कामासाठी दरमहा पगार मोजणारे कोणी त्या काळी नव्हते.

असा पगार देणारा पहिला मोठा मालक म्हणजे स्वतंत्र भारताचे सरकार. १९५६ मध्ये मुंबईत केंद्राच्या माहितीपट खात्यात व्यंगचित्रपटांचा वेगळा कक्ष उघडला, आणि तेथे दाखल झालेल्या राम मोहन यांच्यासारख्या तरुणांना शिकवण्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेला एक अमेरिकी अ‍ॅनिमेटर आला. जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ १९५७ मध्ये याच कक्षातून बाहेर पडला. प्रेक्षक मिळवण्याची चिंता या कक्षाला नव्हती; सरकारमान्य लघुपट दाखवल्याशिवाय चित्रपटगृहाला मुख्य चित्रपट लावता येत नसे. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानी असल्याने ही सक्ती लागू नव्हती, त्यामुळे सरकारी लघुपटांचा नेमाचा रतीब येथील पडद्यावर १९ डिसेंबर १९६१ नंतरच सुरू होऊ शकला. गोमंतकीय प्रेक्षकाची या कामाशी ओळख शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकातील प्रेक्षकापेक्षा उशिरा झाली ती अशी.

या धंद्याचे अर्थकारण कळायचे तर एक सेल शीट हातात धरून पाहावी लागते. पारदर्शक शीटच्या पुढच्या बाजूला शाईची रेषा आणि मागच्या बाजूला रंग, म्हणजे कुंचल्याचे फटकारे कॅमेऱ्याला दिसत नाहीत; खालच्या कडेची भोके खुंट्यांत बसली की प्रत्येक चित्र नेमक्या त्याच जागी येते. एकावर एक तीन-चार शीट ठेवल्या की तळातला रंग किंचित काळवंडतो, म्हणून एकाच पात्राच्या सदऱ्याचा रंग तो कितव्या थरात येणार हे पाहून थोडा उजळ किंवा गडद कालवावा लागे. सेकंदाला चोवीस चौकटी, एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी बारा चित्रे. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला ३६० चित्रे आणि दहा मिनिटांच्या लघुपटाला सात हजारांवर. सरकारी पगारपत्रक पाठीशी नसताना एवढे हात पोसणे सोपे नव्हते.

तरीही साठच्या दशकाच्या अखेरीस राम मोहन सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि १९७२ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कंपनी काढली. तिचे पोट जाहिरातींवर चालले. त्याच्या जोडीला इतरांच्या चित्रपटांतील तुकडे होते. ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मधील अ‍ॅनिमेशनचा भाग आजही पुष्कळांच्या लक्षात आहे. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनीही पुढे स्वतंत्र वाटा धरल्या. या दोन दशकांविषयी चरित्रात्मक लेखन फारसे थांबत नाही, कारण जाहिरातीचा चित्रपट पुरस्कारांच्या यादीत बसत नाही; प्रत्यक्षात कामगार टिकले ते याच कामावर.

सर्वांत जास्त वादाचा निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा नव्हता. १९८३ च्या सुमारास एक जपानी माहितीपटकार रामायणाशी निगडित उत्खननांवर काम करण्यासाठी भारतात आला होता. त्याच्याविषयीच्या वृत्तपत्रीय बातमीचा अर्थ असा लावला गेला की परदेशी माणूस रामायण काढतो आहे, आणि एका हिंदू संघटनेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे निषेधपत्र धाडले. तो गैरसमज पुढे दूर झाला. माहितीपटकार मात्र रामायणाच्या प्रेमात पडला आणि त्याने पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटासाठी भारत-जपान संयुक्त निर्मितीचा प्रस्ताव मांडला. सरकारने तो स्वीकारला नाही. विषय नाजूक आहे, आणि दैवतांना कार्टूनच्या रूपात दाखवणे लोकांना रुचणार नाही, असे कारण पुढे करण्यात आले.

ही भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. त्या काळचे राजकारण पाहता कोणताही अधिकारी फाइलवर सही करण्याआधी दोनदा विचार करील. पण जानेवारी १९८७ मध्ये सरकारच्याच दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, तेव्हा विषय नाजूक असल्याचा मुद्दा कोठे गेला, हा प्रश्न उरतोच. नट चालतो आणि रेषा चालत नाही, यामागे श्रद्धेपेक्षा कार्टून म्हणजे पोरखेळ ही समजूतच अधिक असावी.

परिणाम सरळ होता. चित्रपटाची निर्मिती जपानमध्ये गेली. राम मोहन आणि काही भारतीय सहकारी तेथे जाऊन काम करू लागले. रामाने धनुष्य कसे धरावे, धोतराच्या निऱ्या कशा पडाव्यात, नमस्कारात हात कोठे यावेत, हे त्यांनी जपानी चित्रकारांना दाखवले. सुमारे ४५० कलाकारांच्या हातांतून हे काम १९९२ मध्ये पुरे झाले. तो स्टुडिओ, त्या यंत्रणा, ते शिक्षण मुंबईत उभे राहू शकले असते. भारताच्या वाट्याला सल्लागाराची भूमिका आली. जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात चित्रपट दाखवला गेला तेव्हा अयोध्येच्या घटनेला जेमतेम महिना उलटला होता. चित्रपटगृहांत त्याला भरीव जागा मिळाली नाही, आणि एका पिढीने तो केबलवरच्या कार्टून वाहिनीवर पाहिला. देशभरच्या चित्रपटगृहांत तो नव्या भारतीय डबिंगसह लागला २४ जानेवारी २०२५ रोजी. ते पाहायला राम मोहन नव्हते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

नव्वदच्या दशकात मालकीचा हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने आला. दक्षिण आशियातील मुलींच्या शिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या बालसंस्थेने ‘मीना’ हे पात्र उभे केले. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट यांना रूप देण्यात राम मोहन यांचा मोठा वाटा होता, पण पात्रे संस्थेचीच राहिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चित्रपटाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच ठरतो. त्या दशकाच्या अखेरीस त्यांची कंपनी एका मोठ्या माध्यमसमूहाच्या अ‍ॅनिमेशन विभागात विलीन झाली, तेव्हा परदेशी मालिकांचे कंत्राटी काम हाच सगळ्या भारतीय स्टुडिओंचा मुख्य व्यवसाय होऊ लागला होता. या विलीनीकरणाला शरणागती म्हणणारेही आहेत, परंतु संगणक आल्यावर लागणारे भांडवल छोट्या स्टुडिओच्या आवाक्याबाहेरचे होते. २००६ मध्ये त्यांनी प्रशिक्षणसंस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला.

गोव्याचा या इतिहासाशी थेट संबंध २००४ पासूनचा. गावोगाव फिरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) त्या वर्षी पणजीत आला आणि येथेच स्थिरावला. महोत्सव म्हणजे उद्योग नव्हे, हे मांडवीच्या काठी दर नोव्हेंबरला नव्याने कळते. दृक्‌श्राव्य उद्योगाची जागतिक परिषद नोव्हेंबर २०२४ मध्ये इफ्फीबरोबर गोव्यात भरवण्याची घोषणा झाली होती. ती पुढे ढकलली गेली आणि मे २०२५ मध्ये मुंबईत पार पडली. पणजीच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकून अ‍ॅनिमेशनकडे वळणाऱ्या मुलाला मुंबई, पुणे किंवा हैदराबादची वाट धरण्यावाचून फारसा पर्याय नाही, आणि तेथे नोकरीत तो जे काही रेखाटील त्याचा पहिला हक्कही, वेगळा करार नसेल तर, त्याच कलम १७ नुसार कंपनीचा असतो.