ग्रंथालये, संग्रहालये आणि हस्तलिखित संग्रहांसाठी निधी: मराठवाड्यातील संस्थांनी कोणता अर्ज, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावा

देणगी, शासकीय अनुदान, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) आणि स्वतःच्या मिळकतीचे भाडे या चारही वाटा शेवटी एकाच कागदापाशी येऊन थांबतात. तो कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातून मिळणारा परिशिष्ट 1 चा अद्ययावत उतारा. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालये आणि खाजगी संग्रहालये संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखाली नोंदलेली असतात. त्यामुळे संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, याचे उत्तर या उताऱ्यावरूनच घेतले जाते.

मी अनेक वर्षे एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाचा कार्यवाह म्हणून काम पाहिले आहे. एका कंपनीने बालविभागासाठी निधी देण्याची तयारी दाखवली, तेव्हा तिच्या अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी हा उतारा मागितला. उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव होते ते दिवंगत होऊन बरीच वर्षे झाली होती, त्यांच्यानंतर दोन अध्यक्ष बदलले होते, आणि एकाही बदलाचा अर्ज आम्ही दाखल केलेला नव्हता. ती दुरुस्ती होईपर्यंत आर्थिक वर्ष संपले आणि निधी दुसरीकडे गेला. चूक पूर्णपणे आमची होती, आणि ती इतरांकडून होऊ नये म्हणून ही माहिती क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी: संस्थेचे दप्तर

विश्वस्त, कार्यकारिणी, पत्ता किंवा मालमत्ता यांत बदल झाला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. त्यासोबत सभेची सूचना, ती सभासदांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितीच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची संमती, आणि निवृत्त झालेल्यांचा राजीनामा किंवा मृत्यू दाखला जोडावा. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज वेगळा करावा. मधली निवडणूक सोडून शेवटच्या निवडणुकीचा बदल नोंदवून घ्यावा, असा मोह अनेकांना होतो, परंतु साखळीतील एक कडी सुटली की पुढच्या बदलाला आधार उरत नाही, म्हणून जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमानेच जावे.

त्याबरोबर मागील 3 वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात सादर झालेले असावेत. वर्ष 31 मार्चला संपल्यावर 6 महिन्यांच्या आत लेखापरीक्षण पूर्ण होणे अपेक्षित आहे. संस्थेच्या नावाचे पॅन, संस्थेच्या नावाचेच बँक खाते, घटना व नियमावलीची प्रमाणित प्रत आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक एवढे हाताशी असले म्हणजे पुढचे सगळे अर्ज करता येतात.

इमारतीसाठी पैसा मागायचा असेल तर जागेचा कागद लागतो, आणि मराठवाड्यात अडचण नेमकी तेथेच येते. 17 सप्टेंबर 1948 च्या, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होण्याच्या, आधीपासून चालत आलेल्या कित्येक संस्थांचे मूळ दस्त उर्दूत आहेत. त्यांचे मराठी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेऊन मूळ प्रतीसोबत जोडावे. गावठाणातील जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा बहुतेक जण लावतात, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका, बक्षीसपत्र, खरेदीखत किंवा नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा यांपैकी एक तरी असल्याशिवाय इमारत अनुदानाचा प्रस्ताव तयार करू नये.

देणगी आणि प्राप्तिकरातील सवलत

देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून संस्थेकडे प्राप्तिकर विभागाची दोन प्रमाणपत्रे लागतात. कलम 12 एबी खालील नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळते आणि कलम 80 जी खालील मान्यतेमुळे देणगीदाराला वजावट मिळते. काम अद्याप सुरू न झालेल्या नव्या संस्थेने नमुना 10 ए भरून 3 वर्षांची तात्पुरती मान्यता घ्यावी, तर चालू संस्थेने नमुना 10 एबी भरावा. नोंदणीचा दाखला, घटना, मागील 3 वर्षांचे हिशेब आणि केलेल्या कार्याचे टिपण ही जोडपत्रे होत. मान्यता कायमची नसते, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 6 महिने आधी करायचा असतो. प्राप्तिकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू होण्यासाठी केलेला असून त्यात कलमांची रचना वेगळी आहे. येथे रूढ असलेले जुने क्रमांक दिले आहेत, त्यामुळे अर्ज भरताना पोर्टलवर त्या वर्षाला लागू असलेलाच नमुना निवडावा.

देणगीदारांना पूर्ण आणि खरी माहिती देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला 80 जी ची वजावट मिळत नाही. वस्तुरूप देणगीलाही ती लागू नाही. वडिलांच्या संग्रहातील हजार पुस्तके आणून देणाऱ्या मुलाला आपण आभारपत्र द्यावे, ती पुस्तके दाखल नोंदवहीत त्यांच्या नावासह चढवावीत, पण करसवलतीचे प्रमाणपत्र देता येत नाही हे आधीच सांगावे. पैशाच्या रूपातील प्रत्येक देणगीसाठी पावतीच्या स्थळप्रतीवर देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि, रोख नसल्यास, धनादेश किंवा यूपीआय व्यवहाराचा क्रमांक त्याच वेळी लिहून घ्यावा, कारण वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत नमुना 10 बीडी मध्ये ही सगळी माहिती भरायची असते आणि त्यावरूनच देणगीदाराला नमुना 10 बीई हे प्रमाणपत्र मिळते. उशीर झाल्यास दररोज 200 रुपये शुल्क लागते. कायम निधीसाठी देणगी घेताना ती कायम निधीसाठीच आहे, असे देणगीदाराच्या सहीचे पत्र अवश्य घ्यावे. ते नसेल तर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते.

राज्य व केंद्राचे ग्रंथालय अनुदान

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 आणि त्याखालील 1970 चे नियम यांनुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड अशा वर्गांप्रमाणे परिरक्षण अनुदान मिळते. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास आणि कर्मचारी यांवर वर्ग ठरतो. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे वेळेत पोहोचले पाहिजेत. तपासणीच्या वेळी अधिकारी सर्वांत आधी दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही पाहतात. दाखल क्रमांक पुस्तकावर एक आणि वहीत दुसरा, किंवा बाद केलेल्या पुस्तकांचा ठरावच नाही, अशा त्रुटी टाळणे आपल्याच हातात असते.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना 1972 पासून चालत आल्या आहेत, आणि माझ्या मते आपल्या भागातील ग्रंथालये त्यांचा हवा तेवढा उपयोग करून घेत नाहीत. समान निधी योजनेत राज्याचा वाटा असतो, तर असमान निधी योजनेत इमारत विस्तार, साधनसामग्री, बालविभाग, दिव्यांग वाचकांसाठीचा कक्ष आणि शताब्दीसारखे उत्सव यांसाठी प्रतिष्ठान स्वतः साहाय्य देते. अर्ज विहित नमुन्यात, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ग्रंथालय संचालनालयाकडे जातो. इमारतीच्या प्रस्तावाला मंजूर नकाशा, अभियंत्याचे अंदाजपत्रक, जागेचा कागद आणि संस्थेच्या वाट्याची तरतूद केल्याचा ठराव लागतो. वयाचे पन्नासावे, पंचाहत्तरावे किंवा शंभरावे वर्ष गाठणाऱ्या वाचनालयांनी स्थापनेचा पुरावा वर्षभर आधीच शोधून ठेवावा. जुने इतिवृत्त, वर्गणीची पावती किंवा निजामकाळातील परवानगीचा कागद कपाटाच्या तळाशी सापडतो, आणि तोच पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

संग्रहालये आणि हस्तलिखिते

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेत नोंदणीकृत संस्था आणि न्यास नव्या किंवा चालू संग्रहालयासाठी अर्ज करू शकतात. सविस्तर प्रकल्प अहवाल, वस्तूंची छायाचित्रांसह यादी, संग्रहाच्या व जागेच्या मालकीचे कागद आणि पुढील देखभालीचा खर्च कसा भागवणार याचे उत्तर, हा त्या प्रस्तावाचा गाभा असतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय एका कुटुंबाने वर्षानुवर्षे गोळा केलेल्या वस्तूंमधून उभे राहिले. असे छोटे संग्रह आजही गावोगावी आहेत, मात्र त्यांच्याकडे यादी नसते. वस्तू कोठे, कधी आणि कोणाकडून मिळाली, ही एक ओळ प्रत्येक वस्तूसमोर लिहिली गेली तर निम्मा प्रस्ताव तयार झाला असे समजावे.

पोथ्या आणि दुर्मिळ ग्रंथांच्या जतनासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना आहे. हस्तलिखितांच्या नोंदणीचे आणि डिजिटल प्रतींचे काम 2025 मध्ये जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् या उपक्रमातही येते. अंबाजोगाईला दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे, ठिकठिकाणी महानुभावांच्या पोथ्या आणि मोडी दप्तरे आहेत. अशा संग्रहाच्या प्रस्तावात पृष्ठसंख्या, लिपी, भाषा, कीड व ओल यांमुळे झालेली हानी आणि आजची साठवण यांचे वर्णन जितके नेमके, तितका खर्चाचा अंदाज विश्वसनीय ठरतो.

पैशाची कितीही ओढ असली तरी संग्रहातील वस्तू विकण्याचा विचार कोणीही करू नये. पुरावशेष व कलानिधी अधिनियम 1972 प्रमाणे 100 वर्षांहून जुन्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला किंवा संस्थेला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी

कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 प्रमाणे 500 कोटी रुपये निव्वळ मूल्य, 1,000 कोटी रुपये उलाढाल किंवा 5 कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम खर्च करावी लागते. अनुसूची 7 मध्ये वारसा, कला व संस्कृतीचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातच तो द्यावा. संस्थेला अशा कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव, 12 एबी व 80 जी ही दोन्ही प्रमाणपत्रे आणि सीएसआर 1 या नमुन्यातून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. हा नमुना सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांच्या डिजिटल स्वाक्षरीने दाखल होतो. वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्या आपल्याला जवळच्या आहेत. त्यांच्याकडे आर्थिक वर्षाच्या आरंभी जावे, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेल्याला बहुधा उरलेलीच रक्कम मिळते.

परदेशात स्थायिक झालेल्या माजी वाचकाने देणगी देऊ केली तर तो आजही भारतीय नागरिक आहे का, हे आधी विचारावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची रक्कम परदेशी अंशदान ठरते. त्यासाठी गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतील भारतीय स्टेट बँकेचे खाते लागते. ते नसताना एक रुपयाही स्वीकारू नये.

गाळे, सभागृह आणि शुल्क

रस्त्याकडेच्या भिंतीला गाळे काढून ते भाड्याने देणे हा आपल्याकडच्या वाचनालयांचा सर्वांत टिकाऊ उत्पन्नाचा मार्ग आहे. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन 10 वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासाठी, तसेच स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. तिच्याशिवाय केलेला व्यवहार वैध ठरत नाही. परवानगीच्या अर्जासोबत ठराव, जाहीर निविदेचे कात्रण, आलेले देकार आणि मूल्यांकन अहवाल जोडावा. 3 वर्षांच्या आतील भाडेकरारही नोंदणीकृत असावा, आणि भाडेवाढीचे कलम त्यात सुरुवातीलाच लिहावे, कारण नातेसंबंधातून तोंडी दिलेले गाळे पुढे पिढ्यान्पिढ्या सुटत नाहीत.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या पुस्तक देवघेव सेवेवर आणि संग्रहालयाच्या प्रवेशशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही. गाळ्यांचे भाडे मात्र करपात्र असल्यामुळे असे उत्पन्न असलेल्या संस्थेने सर्व सेवांची एकत्रित उलाढाल 20 लाख रुपयांच्या मर्यादेपुढे जाते का, हे दरवर्षी पाहावे. झेरॉक्स, अभ्यासिका, सभागृह आणि प्रकाशने यांचे उत्पन्न मूळ कार्याला पूरक असावे आणि त्याचे हिशेब स्वतंत्र वहीत ठेवावेत. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवणाऱ्या वाचनालयाने विद्यार्थ्यांकडून घेतलेली अनामत उत्पन्नात दाखवू नये. ती परत करायची रक्कम आहे, म्हणून ताळेबंदात देणे म्हणूनच दाखवावी.