भिंत आठ मीटरवर, कॅमेरा दाखवतो अर्धा मीटर

टाइम-ऑफ-फ्लाइट कॅमेरा, म्हणजे प्रकाशाच्या जाण्या-येण्याला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा कॅमेरा, बसवल्यावर अनेक ग्राहक हीच तक्रार घेऊन येतात. बहुतेक वेळा बिघाड नसतोच. कॅमेरा अंतर कसं काढतो ते समजलं, की कोडं सुटतं.

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. एका सेंटिमीटरचा फरक ओळखायचा, तर जाऊन-येऊन दोन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ६७ पिकोसेकंद. प्रत्येक पिक्सेलला इतकं बारीक घड्याळ देणं अवघड. म्हणून कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश ठरावीक लयीत, सेकंदाला कोट्यवधी वेळा, कमी-जास्त करतो. वस्तूवरून परतलेला प्रकाश त्याच लयीत असतो, फक्त थोडा मागे पडलेला. किती मागे पडला, म्हणजे त्याची फेज किती सरकली, यावरून अंतर निघतं.

त्यासाठी पिक्सेल चार नमुने घेतो, दर वेळी पाव चक्र सरकून. समोरासमोरच्या नमुन्यांची वजाबाकी केली, की खोलीतला स्थिर उजेड आपोआप गळून पडतो. या रचनेतली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. मात्र कडक उन्हात मोजमाप थरथरतं, ते वजाबाकीने जात नाही.

आता ती भिंत. २० मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन कोटी चक्रांना, लयीचं एक चक्र १५ मीटरचं, जाणं-येणं धरून साडेसात मीटर. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून आठाचा अर्धा होतो. सोबत १५ मेगाहर्ट्झही चालू ठेवा; तिची मोजणी दहा मीटरनंतर शून्यावर येते. पहिली लय म्हणते अर्धा, आठ किंवा साडेपंधरा. दुसरी म्हणते आठ किंवा अठरा. दोघींचं जमतं ते आठावर. साडेसात आणि दहाचा लसावि ३०, म्हणून ३० मीटरपर्यंत घोळ होत नाही.

खोलीचा कोपरा गोलसर दिसला, तर प्रकाश आधी शेजारच्या भिंतीवर आपटून, लांबचा फेरा घेऊन आलेला असतो. कॅमेऱ्याची दिशा बदलून पाहा. आरसा, काच आणि काळं मखमल यांच्यावर विसंबू नका.

कॅमेरा परत पाठवण्याआधी एवढं करा: तो थोडा वेळ चालू ठेवून तापू द्या, टेपने मोजून बरोबर एक मीटरवर चकाकी नसलेला पांढरा पुठ्ठा उभा करा, आणि दिसणारा आकडा आम्हाला कळवा.