वेल्डिंगकामातील संरक्षक साधने व सुरक्षाचिन्हे

विजेच्या आर्कने (दोन टोकांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या प्रखर झोताने) किंवा गॅसच्या ज्योतीने धातू जोडताना व कापताना प्रखर किरण, ठिणग्या आणि धूर निर्माण होतात, तसेच विजेच्या धक्क्याचा व आगीचा धोका असतो. त्यांपासून कामगाराचे व आसपासच्या माणसांचे रक्षण करणारी साधने आणि या धोक्यांची सूचना देणारी चिन्हे यांचा विचार या नोंदीत केला आहे. गोव्यात हे काम वास्को येथील 1957 साली स्थापन झालेल्या गोवा शिपयार्डमध्ये, मांडवी व जुवारी नद्यांच्या काठच्या बार्ज (खनिज वाहणारी मालवाहू नौका) दुरुस्त करणाऱ्या यार्डांत, वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींत आणि गावोगावच्या ग्रील-गेटच्या वर्कशॉपांत चालते. लहान वर्कशॉपमध्ये बहुधा एकच शील्ड (काळी काच बसवलेला मुखवटा) असते आणि ती वेल्डरच्या हातात असते. तुकडा धरून उभा राहणारा हेल्पर मात्र नुसती मान फिरवून डोळे मिटून घेतो, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित माणूस तोच आहे.

आर्कमधून निघणाऱ्या अतिनील किरणांमुळे डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा होते. हे दुखणे लगेच जाणवत नाही. काही तासांनी, पुष्कळदा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. बटाट्याचा कीस किंवा दुधाचे थेंब हे वर्कशॉपमधले घरगुती उपाय जंतुसंसर्गाला वाट करून देऊ शकतात, म्हणून अशा वेळी डॉक्टरांकडेच जावे. शील्डमधील काळ्या काचेची गडदता क्रमांकाने सांगितली जाते. 100 ते 200 अँपिअरच्या हाताने करायच्या आर्क वेल्डिंगला साधारणपणे 10 ते 12, तर गॅस कटिंगला 3 ते 6 क्रमांकाची काच लागते. साधा काळा गॉगल या कामाला चालत नाही, कारण उजेड कमी दिसला म्हणून अतिनील किरण अडले असे होत नाही. टॅक (तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका) मारताना शील्ड खाली येण्याआधीच आर्क पेटते, आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतीवरून वा चकचकीत पत्र्यावरून किरण परततात. यासाठी हेल्परलाही स्वतंत्र शील्ड हवी आणि कामाभोवती न पेटणारा पडदा हवा. स्लॅग (जोडावर साचणारा कठीण मळीचा थर) झाडताना उडणाऱ्या कपच्यांसाठी पारदर्शक चष्मा वेगळा लागतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, चामड्याचा अ‍ॅप्रन, चामड्याचे लांब हातमोजे आणि बंद बूट असावेत. नायलॉन व पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. पँटची घडी दुमडलेली ठेवू नये, कारण ठिणगी तिच्यातच अडकते. गोव्यात पावसाळ्यात सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. खनिजवाहतूक थांबल्यामुळे बार्जच्या दुरुस्तीला याच दिवसांत वेग येतो, म्हणजे विजेचे काम नेमके ओल्या लोखंडावर करावे लागते. घामाने वा पावसाने भिजलेले चामडे विजेला पुरेसे रोखत नाही. त्यामुळे हातमोज्यांची कोरडी जोडी, पायाखाली रबरी चटई वा कोरडी फळी आणि सालपट न निघालेली केबल यांना मुखवट्याइतकेच महत्त्व आहे.

धुराचा धोका डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो. पावसाळ्यापूर्वी उभारल्या जाणाऱ्या शेडसाठी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप वापरतात. त्यांवरील जस्ताचा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, आणि तो मलेरिया समजून अंगावर काढला जातो. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढणे आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहणे एवढ्यानेही बराच फरक पडतो. वेल्डिंगच्या धुराला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2017 मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. बार्जच्या बंद टाकीत तर गंज स्वतःच प्राणवायू खातो. हवेत सुमारे 21 टक्के असणारा प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली गेला असेल, तर आत उतरू नये. साधा मास्क धूळ अडवतो, प्राणवायू पुरवत नाही. म्हणून आत जाण्यापूर्वी हवा तपासणे, पंख्याने ताजी हवा खेळवणे आणि टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस सतत उभा ठेवणे अनिवार्य मानले जाते. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 35 ने डोळ्यांच्या संरक्षणाची, कलम 36 ने बंद जागेतील वायूंबाबतच्या दक्षतेची, तर कलम 37 ने ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर वेल्डिंग करण्यापूर्वी ती निर्धोक करण्याची जबाबदारी घातली.

सुरक्षाचिन्हांत आकार व रंग हीच भाषा असते. निळे वर्तुळ ‘हे करा’ सांगते (उदा., वेल्डिंगचा मुखवटा घातलेले डोके), पिवळा त्रिकोण धोका दाखवतो, तिरकी रेघ असलेले लाल वर्तुळ मनाई करते, हिरवा चौकोन सुटकेची वाट वा प्रथमोपचार दाखवतो. गोव्यातील यार्डांत कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया बोलणारे कामगार शेजारी-शेजारी काम करतात. अशा ठिकाणी केवळ इंग्रजी मजकुराची पाटी पुरेशी नाही, चित्र लागतेच. पाटी मशीनवर नव्हे, तर आर्क दिसू लागण्याआधीच्या वाटेवर असावी, कारण तिची गरज मुखवटा नसलेल्या माणसाला अधिक असते. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, उन्हाने रंग उडतो आणि पिवळा त्रिकोण पांढुरका होतो, त्यामुळे किनाऱ्यावर पाट्या वारंवार बदलाव्या लागतात. गॅसच्या सिलिंडरचा रंग हेही एक चिन्हच आहे: प्राणवायूचा काळा, अ‍ॅसिटिलीनचा गडद तपकिरी-लाल. रंग ओळखू येत नसेल, तर अंदाजाने नळी न जोडता किंवा घरचा रंग न फासता तो सिलिंडर पुरवठादाराकडे परत करावा.