नोडमधलं कॉन्फिगरेशन आणि नोड-एन्व्हचा गुंता : पार्श्वभूमी

नाशकात नोडवर (जावास्क्रिप्टचा कोड सर्व्हरवर चालवणारं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांचे क्लायंट कोण, तर अंबड-सातपूरचे कारखाने नाहीतर पिंपळगाव, लासलगावकडचे द्राक्ष-कांद्याचे व्यापारी. कोड एकच, पण प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, डेटाबेसचा पासवर्ड वेगळा, एसएमएस गेटवेची (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची) की वेगळी. त्यामुळे सेटिंग कुठे ठेवायची हा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे आणि त्यातलं सगळ्यात गोंधळाचं प्रकरण म्हणजे नोड-एन्व्ह (NODE_ENV), ॲप डेव्हलपमेंटमध्ये चालतंय की प्रॉडक्शनमध्ये ते सांगणारं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल.

एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडबाहेर ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी, ही काही नोडची देणगी नाही, 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ते चालत आलेत. नोड आलं 2009 ला. सुरुवातीच्या काळात लोक सरळ एक कॉन्फिगची जेएस फाइल करायचे, सगळे पासवर्ड तिच्यातच आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसोबत. मग नोड-कॉन्फिगसारखी पॅकेजेस आली, म्हणजे एक डिफॉल्ट फाइल, तिच्यावर प्रॉडक्शनची फाइल आणि दोन्ही मर्ज होऊन शेवटची व्हॅल्यू. पद्धत चांगली होती, आजही आहे. पण कुठली फाइल उचलायची हे ठरवायला नोड-एन्व्ह वापरलं गेलं, आणि गुंता तिथेच झाला.

कारण हे व्हेरिएबल आधीच दुसऱ्या कामाला लागलं होतं. ते रुजलं एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कमुळे. व्हॅल्यू प्रॉडक्शन असेल तर एक्सप्रेस पानांची टेम्पलेट कॅश करतं (मेमरीत ठेवतं) आणि एररचा स्टॅक, म्हणजे एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी, ब्राउझरला दाखवत नाही, काहीच सेट नसेल तर डेव्हलपमेंट धरतं. मग पॅकेज टाकणारं एनपीएमही तेच बघायला लागलं, प्रॉडक्शन असेल तर डेव्हच्या डिपेन्डन्सी (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजेस) टाकायच्या नाहीत. रिअ‍ॅक्टही तेच बघतं, वॉर्निंग ठेवायच्या की काढायच्या ते ठरवायला. म्हणजे या सगळ्या लायब्रऱ्या फक्त एकच शब्द शोधतात, प्रॉडक्शन. तो सापडला नाही तर त्यांच्या लेखी तुम्ही डेव्हलपमेंटमध्ये आहात.

आता टीमला स्टेजिंग सर्व्हर, म्हणजे प्रॉडक्शनला जायच्या आधी तपासायचा सर्व्हर, हवा असतो, त्याचा डेटाबेस वेगळा, म्हणून कोणीतरी नोड-एन्व्हमध्ये स्टेजिंग लिहितो आणि नोड-कॉन्फिग बरोबर स्टेजिंगची फाइल उचलतं, सगळे खूश. पण एक्सप्रेसला तो शब्द कळत नाही, त्यामुळे क्लायंटला डेमो देताना एरर आली की फाइलच्या पाथसकट अख्खा स्टॅक त्याच्या स्क्रीनवर येतो, शिवाय टेम्पलेटही कॅश होत नाही. म्हणजे स्टेजिंगला ज्या मोडमध्ये तपासलं त्या मोडमध्ये ॲप प्रॉडक्शनला चालतच नाही, मग तपासलं कशाला? माझ्या मते ही बारीक बाब नाहीच, स्टेजिंगचा सगळा उद्देशच त्याने जातो.

विंडोजवर अजून एक खोड आहे आणि कारखान्यांमध्ये विंडोज सर्व्हर भरपूर. सीएमडीमध्ये (विंडोजच्या कमांड विंडोत) सेट कमांडने नोड-एन्व्हला प्रॉडक्शन दिलं आणि पुढे स्पेस सोडून दोन अँपरसँड टाकून नोड चालवलं की ती स्पेससुद्धा व्हॅल्यूत जाते. प्रिंट केलं तर डोळ्याला प्रॉडक्शनच दिसतं, तुलना मात्र खोटी ठरते. क्रॉस-एन्व्ह हे पॅकेज वापरलं की हा त्रास जातो.

खरं तर 2011 मध्येच एका क्लाउड होस्टिंग कंपनीतल्या लोकांनी बारा-कलमी मार्गदर्शिका लिहिली होती, तिच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ म्हटलंय की कॉन्फिग एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवा आणि डेव्हलपमेंट, टेस्ट असे नावाचे गठ्ठे बांधू नका, प्रत्येक व्हेरिएबल सुटा ठेवा. लोकांनी पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा सोडून दिला. पुढे नोड-कॉन्फिगने फाइल निवडायला वेगळं व्हेरिएबल दिलं, आणि नोडच्या अधिकृत माहितीतही आता नोड-एन्व्ह कायम प्रॉडक्शनच ठेवा असं लिहिलंय. काहीजण म्हणतात जुना कोड कोण बदलणार, ते समजू शकतो, पण नवीन प्रोजेक्टला तरी सर्व्हर कुठलाही असो, नोड-एन्व्ह प्रॉडक्शन आणि तो सर्व्हर स्टेजिंग की प्रॉडक्शन हे सांगायला ॲप-एन्व्ह असं वेगळं व्हेरिएबल, एवढं पाळायलाच हवं.

एन्व्ह फाइलमधल्या ओळी वाचून व्हेरिएबल भरणारं डॉटएन्व्ह पॅकेज 2013 चं, रूबी या भाषेतल्या त्याच नावाच्या पॅकेजवरून घेतलेलं. त्याने गिटबाहेरची एन्व्ह फाइल घराघरात नेली. पण तिच्यातली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते हे अजूनही नडतं. एसएमएस चालू ठेवायचं व्हेरिएबल फॉल्स केलं तरी इफमध्ये ते खरंच ठरतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरी वाटते, आणि टेस्टिंगचा कांद्याचा भाव सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जातो.

2023 मध्ये नोड 20.6 ने स्वतःच एन्व्ह-फाइल हा फ्लॅग (नोड चालवताना जोडायचा पर्याय) दिला. फाइल ॲपचा कोड सुरू व्हायच्या आधी वाचली जाते, त्यामुळे ईएस मॉड्यूलमध्ये (इम्पोर्ट वापरणाऱ्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये) डॉटएन्व्हचा इम्पोर्ट सगळ्यात वर आहे ना, हे बघत बसायची गरज संपली. एकच व्हेरिएबल सर्व्हरवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे असेल तर सर्व्हरवरचं जिंकतं, डॉटएन्व्हचंही डिफॉल्ट तेच. 22.9 पासून फाइल नसली तरी न अडणारा फ्लॅगही आलाय. ॲप सतत चालू ठेवणारं पीएम-टू वापरत असाल तर मात्र व्हेरिएबल बदलून नुसतं रीस्टार्ट केल्यावर जुनीच व्हॅल्यू राहते, अपडेट-एन्व्ह जोडावं लागतं.

टाइप तपासायचं काम नोडने अजून घेतलेलं नाही. त्यासाठी झॉड किंवा एन्व्हॅलिड ही पॅकेजेस, आणि ते ॲप सुरू होतानाच चालवायचं, म्हणजे गेटवेची की टाकायची राहिली असेल तर ॲप उभंच राहत नाही आणि ते डिप्लॉय करतानाच कळतं, मार्केटमध्ये लिलाव चालू असताना नाही.