प्रोटोबफ-नेट : वारशाने आलेल्या प्रॉपर्टींचे सीरियलायझेशन

प्रोटोबफ-नेट ही मार्क ग्रॅव्हेल यांनी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यासपीठासाठी लिहिलेली लायब्ररी. सी शार्प भाषेतले ऑब्जेक्ट ती प्रोटोकॉल बफर्स या आटोपशीर बायनरी स्वरूपात साठवते; ऑब्जेक्टचे असे बाइट्समध्ये रूपांतर म्हणजेच सीरियलायझेशन. गूगलने हे स्वरूप २००८ साली सर्वांसाठी खुले केले. त्यात क्लासचे किंवा प्रॉपर्टीचे नाव लिहिलेच जात नाही. फील्डचा क्रमांक, मूल्याचा प्रकार आणि मूल्य एवढेच जाते. इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याच्या प्रॉपर्टी वारशाने घेण्याला, मात्र या स्वरूपात जागाच नाही.

ग्रॅव्हेल यांनी यावर काढलेली वाट सुंदर आहे. डिराइव्ड (वारसा घेणाऱ्या) क्लासचा स्वतःचा भाग हा बेस (वारसा देणाऱ्या) क्लासच्या संदेशातला एक उपसंदेश म्हणून लिहायचा. कोडमध्ये डिराइव्ड क्लास बेसला सामावून घेतो. बाइट्समध्ये नेमके उलट होते. म्हणूनच उपक्लास कोणता आणि त्याच्या उपसंदेशाचा फील्ड क्रमांक कोणता हे सांगणारे ‘प्रोटोइनक्लूड’ हे ॲट्रिब्यूट (कोडमधली खूणचिठ्ठी) बेस क्लासवर लिहावे लागते.

समजा, ‘खाते’ या बेस क्लासमध्ये खातेक्रमांक हे फील्ड १ आहे, त्यातून आलेल्या ‘बचतखाते’ क्लासमध्ये व्याजदर हेही फील्ड १ आहे, आणि प्रोटोइनक्लूडला १० हा क्रमांक दिला आहे. खातेक्रमांक ३०० आणि व्याजदर ४ असेल, तर दशमान पद्धतीत हे बाइट उमटतात : ८२, २, ८, ४, ८, १७२, २. पहिला ८२ म्हणजे फील्ड १०, त्यात उपसंदेश. पुढचा २ ही त्याची लांबी. ८ म्हणजे फील्ड १, त्यात संख्या; ४ हा व्याजदर. उरलेल्या तीन बाइटांत खातेक्रमांक आहे. डिराइव्ड भाग आधी लिहिल्यामुळे वाचताना कोणता ऑब्जेक्ट बनवायचा ते सुरुवातीलाच कळते. दोन्हीकडे फील्ड १ असूनही गोंधळ होत नाही, कारण संदेश वेगळे आहेत. मात्र १० हा क्रमांक ‘खाते’च्या दुसऱ्या कोणत्याही फील्डला देता येत नाही. १ ते १५ या क्रमांकांची खूण (८२ किंवा ८ सारखा, क्रमांक आणि प्रकार सांगणारा आकडा) एका बाइटात मावते, १६ ते २०४७ यांना दोन लागतात.

प्रोटोइनक्लूड विसरले तर दोन गोष्टी होऊ शकतात. ‘खाते’ म्हणून जाहीर केलेल्या जागी ‘बचतखाते’ आले, तर अनोळखी उपप्रकार म्हणून एरर येते. पण ‘बचतखाते’ थेट सीरियलाइझ केले, तर फक्त व्याजदर लिहिला जातो. खातेक्रमांक गळतो आणि कुठलीही एरर येत नाही. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो डेटा परत वाचेपर्यंत लक्षात येत नाही. बेस क्लासचा कोड आपल्या हातात नसेल, तर रनटाइम मॉडेलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररीला दिलेल्या क्लासांच्या माहितीत, ‘ॲडसबटाइप’ वापरून हेच नाते जोडता येते.

क्लासचे नाव बदलले तरी जुना डेटा वाचता येतो. पण मध्ये एखादा नवा क्लास घातला, तर उपसंदेशांची घडणच बदलते आणि जुन्या फाइली नीट वाचता येत नाहीत. म्हणून क्लासची उतरंड डेटा साठवण्याआधीच पक्की करावी. जावा किंवा पायथनमधून हा डेटा वाचायचा असेल, तर संदेशाची रचना सांगणाऱ्या प्रोटो फाइलमध्ये उपक्लास ‘वनऑफ’ (एका वेळी एकच भरता येणाऱ्या) गटातली फील्ड म्हणून मांडतात.